आर्टिफॅक्ट का बुडाला? (पत्त्यांना भाव फुटला त्याची गोष्ट)

उतारी

परवा स्टीमची (व्हॉल्व्ह कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान) लायब्ररी आवरायला बसलो होतो. सेलमध्ये उगाच घेतलेले, अर्ध्यात सोडलेले गेम एकेक करून लपवत चाललो होतो, तेवढ्यात 'आर्टिफॅक्ट क्लासिक' समोर आला. १४१ तास खेळलोय मी हा. इथे कितीजणांना आठवत असेल कोण जाणे, म्हणून आधी कुंडली मांडतो.

व्हॉल्व्ह कंपनीचा हा पत्त्यांचा गेम २८ नोव्हेंबर २०१८ला आला. त्यांच्याच 'डोटा २' या ऑनलाइन लढाईच्या गेममधलेच हिरो, तीच दुनिया. डिझाइन रिचर्ड गारफील्डचं. म्हणजे १९९३मध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' काढून जमवायच्या पत्त्यांचा सगळा प्रकारच ज्याने सुरू केला तो माणूस. पहिल्या दिवशी एका वेळी ६०,७४० लोक खेळत होते. तीन महिन्यांत आकडा हजाराच्या घरात आला आणि २०१९च्या मध्यावर शेकड्यात मोजायची वेळ आली. मार्च २०१९मध्ये गारफील्ड आणि त्याचा जोडीदार स्कॅफ इलायस यांचं व्हॉल्व्हमधलं काम संपलं. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने जाहीर कबुली दिली की अपेक्षा आणि प्रत्यक्ष स्वागत यांत एवढी मोठी दरी आमच्या दुसऱ्या कुठल्याच गेमच्या वाट्याला आली नव्हती, आता मुळापासून दुरुस्ती करतो. ती दुरुस्तीही ४ मार्च २०२१ला थांबवली. जुना गेम 'क्लासिक' म्हणून, अर्धामुर्धा नवा 'फाउंड्री' म्हणून, दोन्ही फुकट वाटले आणि दुकानाला कुलूप लावलं.

माझं म्हणणं असं की गेम पत्त्यांच्या भावापायी मेला. वीस डॉलर मोजून गेम घ्यायचा. त्यात दोन तयार कॅट, दहा पाकिटं आणि पाच तिकिटं. पुढचं पाकीट १.९९ डॉलरला, आत बारा पत्ते. सुटा पत्ता हवा असेल तर स्टीमच्या बाजारात जा, तिथे प्रत्येक विक्रीतले १५ टक्के कापून जाणार. सुरुवातीच्या दिवसांत 'अ‍ॅक्स' हा एकच पत्ता वीस डॉलरच्या आसपास विकला जात होता. अख्ख्या गेमची किंमत तीच! मेंढीकोट खेळायला बसलोय आणि हुकमाचा एक्का हवा असेल तर वेगळे पैसे टाका म्हणतायत, असा मामला.

एकदा पत्त्याला भाव फुटला की तो पत्ता राहत नाही, माल होतो. मालाची प्रत मग मालकालाही बदलता येत नाही. हे पुढे सविस्तर लिहीन. आधी तुमचं येऊ द्या.

शिळोप्याचा_गडी

धागा चांगला काढलात, पण निदान चुकलं असं माझं मत. पैशाचं रडगाणं पहिल्या दोन आठवड्यांचं. ज्यांनी पैसे भरले होते ते तर आत होते ना? त्या साठ हजारांनी वीस डॉलर मोजले होतेच. बुडीत पैसा वसूल होईस्तोवर तरी माणूस खेळतो. हे लोक तरीही उठून गेले. याचा अर्थ जेवणच आवडलं नाही. बिलावरून भांडण नंतरचं.

चहाटळ

बिल आधी देऊन मग जेवण आवडलं नाही तर जास्त राग येतो हो. (हलके घ्या.)

बेलव्ह्यूकर

या गेमची घोषणा झाली तेव्हा मी तिथे हजर होतो, म्हणून चार आणे टाकतो.

ऑगस्ट २०१७, सिएटलची की अरेना, डोटाची द इंटरनॅशनल स्पर्धा. मी तेव्हा नुकताच पलीकडच्या बेलव्ह्यूत राहायला आलो होतो. व्हॉल्व्हचं ऑफिसही याच गावात. ऑफिसातल्या एकाने जास्तीचं तिकीट दिलं म्हणून गेलो, नाहीतर डोटातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. दोन सामन्यांच्या मधे मोठ्या पडद्यावर काळोख झाला आणि व्हॉल्व्हचा नवीन गेम येतोय असं दिसायला लागलं. माझ्या पुढच्या रांगेतला एक पोरगा खुर्चीवर उभा राहिला. पॉपकॉर्नचा डबा त्याने मित्राच्या मांडीवर ठेवला होता. व्हॉल्व्हने कित्येक वर्षांत मोठा नवा गेम काढला नव्हता, त्यामुळे लोकांचा श्वास अडकलेला. मग नाव आलं आणि खाली ओळ आली, हा डोटाचा पत्त्यांचा गेम आहे.

टाळ्या सुरू झाल्या होत्या त्या मधेच विरल्या आणि अख्ख्या अरेनातून एक लांबलचक 'ऑऑ...' उमटला. हरलेल्या मॅचला येतो तसला. पुढचा पोरगा खाली बसला, डबा परत घेतला आणि पॉपकॉर्न खायला लागला.

म्हणजे जन्माच्या आधीच गावाने नाव ठेवलं होतं. अर्थात तेवढ्यावरून गेम मरत नाही, हेही खरं.

नवशिकी

वाचतेय. मला बदाम सात, झब्बू आणि पाच-तीन-दोनच्या पुढे पत्ते येत नाहीत. कुणीतरी हा गेम कसा खेळायचा ते माणसांच्या भाषेत सांगेल का? त्याशिवाय जेवण खारट होतं की अळणी हे मला कसं कळणार?

उतारी

@नवशिकी, प्रयत्न करतो.

एकाऐवजी तीन पट मांडलेत असं समजा. तिन्हीकडे तुमचा एकेक बुरूज, समोर शत्रूचा एकेक. बुरुजाची ताकद ४०. कुठलेही दोन बुरूज पाडा, जिंकलात. किंवा एक बुरूज पाडून त्याच जागी उभा राहणारा ८० ताकदीचा 'एन्शंट' पाडा, तरी जिंकलात. तुमच्याकडे पाच हिरो आणि किमान चाळीस पत्त्यांचा कॅट. रंग चार: लाल, हिरवा, निळा, काळा. ज्या पटावर ज्या रंगाचा हिरो उभा असेल तिथेच त्या रंगाचा पत्ता टाकता येतो. हिरो मेला की तो एक फेरी बाहेर, आणि हातातले त्याच्या रंगाचे पत्ते तोवर नुसते धरून बसायचे.

खेळ पहिल्या पटापासून सुरू होतो. एक पत्ता तुम्ही, एक तो. दोघांनी 'पास' म्हटलं की त्या पटावर मारामारी आणि मग दुसरा पट. जो आधी पास म्हणेल त्याला पुढच्या पटावर पहिली उतारी. यातच खरी गंमत होती. इथे अजून एक पत्ता मारू, की गप्प बसून पुढच्या पटावरची उतारी घेऊ? माझं नाव तिथूनच आलंय. तिन्ही पट झाले की दुकान उघडतं. मारलेल्या प्याद्यांचं आणि हिरोंचं सोनं मिळालेलं असतं, त्यातून शस्त्रं, चिलखतं घ्यायची. मग परत पहिला पट.

आता हे वाचून दमलात ना? एक डाव अर्धा तास सहज चाले, आणि तिन्ही पट एका नजरेत दिसत नसत. कॅमेरा इकडून तिकडे सरकवत बसायचं.

नवशिकी

दमले. पण 'पास' म्हणून पुढची उतारी घ्यायची कल्पना झकास आहे. आमच्या आजीला आवडली असती. ती मेंढीकोटात मुद्दाम हात सोडून द्यायची आणि मग आम्हाला कोट चढवायची.

इस्पिकची_राणी

मी शिळोप्याच्या गड्याच्या बाजूने. सव्वादोनशे तास खेळलेय आणि तरीही म्हणते, खोट खेळातच होती. ती कुठली ते उतारींनी सोयीस्करपणे गाळलंय. बाण!

प्रत्येक फेरीत दोन्ही बाजूंची दोन-दोन प्यादी येतात. ती कुठल्या पटावर उतरणार हे गेम ठरवणार. सुरुवातीचे तीन हिरो कुठल्या पटावर, तेही गेम ठरवणार. आणि समोर कुणी नसेल तर तुमचा गडी सरळ बुरुजावर चालून जाईल की तिरका वळून शेजारच्याला मारेल, तेही गेमच ठरवणार. त्याचा एक छोटा वाकडा बाण गड्याच्या डोक्यावर दिसायचा. निम्म्या वेळा सरळ, उरलेल्या वेळी डावीकडे किंवा उजवीकडे.

एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. तिसऱ्या पटावर समोरच्याच्या बुरुजात ६ ताकद उरलेली. माझा ७ मारणारा हिरो बरोब्बर रिकाम्या जागेसमोर. हातात एकच पत्ता, तोही भलत्याच रंगाचा. जिंकले म्हणून मी खुर्चीत मागे रेलले. आणि त्या बयेचा बाण वळला डावीकडे. तिथे उभं होतं एक मरतुकडं प्यादं, ज्याला मारायला २ पुरले असते. सातच्या सात त्याच्या डोक्यात घातले! पुढच्या फेरीत मी हरले.

हरल्याचं काही नाही हो. रमीत पानं लागत नाहीत तेव्हाही हरतोच की. पण रमीत पान माझ्या हातात येतं, मी ते बघते, नशिबाला शिव्या देते आणि काय टाकायचं ते ठरवते. इथे मी उभा केलेला माझा माणूस माझ्याच डोळ्यांदेखत ऐकत नाही. वाईट पान येणं आणि भिडू फितूर होणं यांत फरक आहे.

गणिती_किडा

बाणाला उगाच बदनाम करताय. पूर्ण डावात असे वीस-पंचवीस बाण पडतात. काही तुमच्या बाजूने, काही विरुद्ध, आणि शेवटी बेरीज शून्याच्या आसपास येते. शिवाय बाण वळवायला पत्ते होते, दुकानात वस्तू होत्या. चांगले खेळाडू बाण धरूनच चाल रचायचे. त्या काळात वरचे खेळाडू सातत्याने जिंकत होते. निव्वळ नशिबाचा खेळ असता तर ते झालं नसतं. गारफील्ड स्वतः गणिताचा डॉक्टर आहे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून कॉम्बिनेटोरिक्समध्ये. त्याने हिशेब केला नसेल असं वाटतं का?

खरा हिशेब चुकला तो तिकिटांचा. बक्षिसाच्या खेळात एक तिकीट लावायचं, साधारण एक डॉलरचं. दोनदा हरलात की बाहेर. तीन जिंकलात तर तिकीट परत, चारला तिकीट अधिक एक पाकीट, पाचला तिकीट अधिक दोन पाकिटं. आता तुम्ही अगदी सरासरी खेळाडू आहात, प्रत्येक डाव निम्म्या शक्यतेने जिंकता असं धरा. दोन हरण्याआधी तीन जिंकायचे म्हणजे पहिल्या चारांत जास्तीत जास्त एकदा हरायचं. सोळा शक्यतांपैकी पाच. पाच जिंकायचे म्हणजे पहिल्या सहांत जास्तीत जास्त एक हार, चौसष्टांपैकी सात. म्हणजे सोळा सरासरी लोक बसले तर अकरा जण तिकीट घालवून उठणार. आणि सरासरी खेळाडूंचा भरणाच तर सगळीकडे जास्त असतो!

चहाटळ

म्हणजे जत्रेतला रिंग टाकायचा खेळ. साबणाची वडी लागली की घरी पळावं.

इस्पिकची_राणी

@गणिती_किडा, बेरीज शून्य येते हे कबूल. पण माणूस बेरीज घेऊन झोपत नाही, तो डावीकडे वळलेला बाण घेऊन झोपतो. जिंकताना जे बाण सरळ गेले ते मला दिसलेसुद्धा नाहीत. ते माझं कौशल्य वाटलं. गारफील्डने शक्यता मोजल्या, चडफड मोजली नाही. आणि बाणच कशाला, 'चीटिंग डेथ' आठवतो? त्या पटावर हिरवा हिरो असेल तर मरणारा प्रत्येक गडी निम्म्या शक्यतेने जिवंत राहणार. 'बाउंटी हंटर'ला दर फेरीत निम्म्या शक्यतेने ४ जास्तीचा मार. 'ओगर मॅजाय' टाकलेल्या निळ्या पत्त्याची नक्कल कधीमधी परत हातात देणार. हे सगळं त्या बाणांच्या वर!

आणि याचा दुसरा परिणाम असा की हरल्यावर शिकायला काही मिळायचं नाही. अर्धा तास डोकं झिजवलं, तीन पटांवर चाळीसेक निर्णय घेतले. त्यातला कुठला चुकला? माहीत नाही. बहुतेक बाण. असं चार वेळा झालं की माणूस गेम उघडत नाही.

शिळोप्याचा_गडी

+१. हेच मला म्हणायचं होतं, मला इतकं नीट लिहिता आलं नसतं.

उतारी

बाणाचं मान्य, राणीसाहेब. पण आता माझा मुद्दा पुरा ऐका, कारण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूला येतं.

बाण काय, चीटिंग डेथ काय, खेळात खोट निघतेच. कुठल्याही ऑनलाइन गेममध्ये निघते. मग डिझायनर काय करतो? दोन आठवड्यांनी आकडे बदलतो. डोटात तर हे अव्याहत चाललेलं असतं, कुणी तक्रार करत नाही. पण इथे पत्त्याला बाजारभाव होता. लोकांनी रोख पैसे देऊन घेतलेला अ‍ॅक्स उद्या कमजोर केला तर? म्हणून व्हॉल्व्हचं सुरुवातीचं धोरण असं की आलेले पत्ते शक्यतो बदलायचे नाहीत. गारफील्डच्या कागदी मॅजिकमधून आलेली सवय. छापलेला पत्ता थोडाच खोडता येतो?

परिणाम काय झाला बघा. ज्याच्याकडे अ‍ॅक्स आणि 'ड्रो रेंजर' त्याचा लाल-हिरवा कॅट भारी, हे सगळ्यांना ठाऊक. अ‍ॅक्सचे आकडे होते ७, २, ११: मार, चिलखत, जीव. पहिल्याच फेरीत समोर येणाऱ्याला तो झोपवायचा. बाकीचे लाल हिरो त्याच्यापुढे पाणी भरायचे. ही चूक बिटामध्येच, म्हणजे गेम येण्याआधीच्या चाचणीतच दिसत असणार. पण हात बांधलेले! शेवटी डिसेंबर २०१८मध्ये, गेम येऊन महिना व्हायच्या आत, धोरण मोडलं. अ‍ॅक्सचा मार ७ वरून ६ वर आणला, ड्रोचा खास पत्ता बदलला, चीटिंग डेथमधली नाणेफेक काढून टाकली. आणि बरोबर काय करावं लागलं? ज्यांना नको असतील त्यांच्याकडून ते हिरो आधीच्या चढ्या भावाने परत घेण्याची काही दिवसांची सोय. एका आकड्यात एकने बदल, त्यासाठी सरकारी भूसंपादनासारखा मोबदला!

कुठल्या डिझायनरला असं काम करायला आवडेल? प्रत्येक दुरुस्तीला नुकसानभरपाईची पावती फाडायची.

पन्हं_थंड

दुसरी बाजू मांडतो, शिव्या पडल्या तरी चालतील.

मी त्या काळात 'हार्थस्टोन' हा दुसरा ऑनलाइन पत्त्यांचा गेम खेळायचो. २०१४पासून फुकट, म्हणे. फुकट म्हणजे रोज हजेरी लावा, रोजची कामं करा, सोनं साठवा, पाकीट फोडा, निघालेले नको ते पत्ते दळून पीठ करा आणि त्या पिठातून हवा तो एक पत्ता बनवा. हिशेब केला तर तीन वर्षांत माझे किती गेले ते बायकोला सांगितलेलं नाही. आणि त्यातला एकही पत्ता विकता येत नाही. आर्टिफॅक्टमध्ये निदान हवा तो पत्ता सुटा घेता येत होता. फुटकळ पत्ते काही सेंटना मिळायचे. ठरावीक कॅट हवा असेल तर खर्च कमी यायचा.

गारफील्डचा विचारही हाच होता. फुकट म्हणून आत ओढायचं आणि मग व्यसनी लोकांकडून पोतंभर पैसे काढायचे, या धंद्याविरुद्ध त्याने २०१६मध्ये जाहीर लेख लिहिला होता. माणूस ढोंगी नव्हता. किंमत दारावर लिहून ठेवली एवढाच त्याचा गुन्हा.

इस्पिकची_राणी

दारावर लिहिली, हो. आणि मग आतल्या प्रत्येक दारावरही लिहिली. आधी तर ड्राफ्टसुद्धा (समोर येतील त्या पत्त्यांतून निवडून तिथल्या तिथे कॅट बांधून खेळणं) तिकिटाशिवाय नव्हता, म्हणजे हौसेपुरता सरावही पैसे टाकून. नोव्हेंबरमध्ये बिटा खेळणाऱ्यांवरची बाहेर न बोलायची बंदी उठली, हे लोकांना कळलं, आरडाओरडा झाला, तेव्हा कुठे फुकटचा ड्राफ्ट आला. नको असलेले वीस पत्ते देऊन एक तिकीट घेण्याची सोयही तेव्हाच झाली. म्हणजे चूक लागलीच कळली होती. पण तोवर लोकांच्या मनात पहिलं चित्र बसलं ते बसलंच.

पन्हं, तुमचा हिशेब बरोबर आहे आणि तरी तो कामाचा नाही. गमतीचा भाग असा की रोजच्या हजेरीला आपण शिव्या घालतो, पण तीच माणसाला रोज दार उघडायला लावते. आर्टिफॅक्टमध्ये डाव जिंकला तर? काही नाही. शंभर डाव खेळले तर? काही नाही. सुरुवातीला क्रमवारी नव्हती, लेव्हल नव्हती. जिंकून 'पुन्हा खेळा' बटण. तिकीट न लावता जिंकणं म्हणजे लग्नात बँड वाजवून स्वतःच ऐकणं.

कोपऱ्यातला_टेबल

अवांतर, पण नाही म्हटलं तरी संबंध आहे.

आमच्या सांगलीच्या शाळेत ९० च्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीवाल्यांची ट्रंप कार्डं फार चालायची. रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स. मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या कठड्यावर बसून डाव. ज्याच्याकडे चांगलं कार्ड असायचं त्याच्यामागे बाकीचे लोचटासारखे फिरायचे. दोन साधी दे आणि एक भारी घे, किंवा चिंचेच्या गोळ्या आणि वर गणिताची वही. माझ्याकडचं एक कोपरा दुमडलेलं कार्ड तीन वर्षांत पाच वेळा माझ्याकडे परत आलं, दरवेळी वेगळ्या पोराकडून.

मी आर्टिफॅक्ट घेतला तो याच आशेने. धाकट्या भावाला म्हटलं, तूही घे, पत्ते बदलू. आणि मग कळलं की एकमेकांना पत्ता देताच येत नाही. बाजारात विका आणि बाजारातून घ्या, मधले पंधरा टक्के सोडा. सख्ख्या भावाला दुर्री द्यायची तरी दलालामार्फत! जमवायच्या आणि अदलाबदलीच्या पत्त्यांचा गेम, आणि अदलाबदलच नाही. भावाने त्याच आठवड्यात उडवला. मी दोन महिने एकटाच खेळलो.

उतारी

@कोपऱ्यातला_टेबल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी एवढं भाव-भाव करत बसलो, पण भाव होता आणि व्यवहार नव्हता. तुमच्या कार्डाचीही किंमत होतीच की, चिंचेच्या गोळ्यांत. फक्त ती घासाघीस करताना दोन पोरं समोरासमोर असायची. यांनी घासाघीस काढून टाकली आणि नुसता दर ठेवला.

चहाटळ

गंभीर वातावरणात एक किस्सा. मे २०१९मध्ये ट्विचवर (लोक गेम खेळताना थेट दाखवतात ती साइट) आर्टिफॅक्टच्या विभागात कोणी हा गेम दाखवतच नव्हतं. रिकामं घर बघून टवाळ पोरं घुसली. चोरीचे सिनेमे, मॅचेस, नको नको ते सगळं आर्टिफॅक्टच्या नावाखाली चालू. शेवटी ट्विचला काही काळ नवीन खात्यांचं प्रक्षेपण थांबवावं लागलं आणि निनावी लोकांवर खटला भरावा लागला. गेमला सर्वांत जास्त प्रेक्षक लाभले ते या दिवसांत, असं म्हणायला हरकत नाही.

बेलव्ह्यूकर

ते दिवस आठवतात. आणि दहा लाख डॉलर बक्षिसाची स्पर्धा जाहीर केली होती, २०१९च्या सुरुवातीला होणार म्हणून. ती झालीच नाही. त्यासाठी गेम घेतलेले दोघे तर माझ्याच ओळखीचे.

एक मात्र कबूल करा, कारागिरी अव्वल होती. पटाच्या कडेला कॅट सांभाळणारे ते दोन छोटे इम्प आठवतात का? एका पटावरून दुसऱ्यावर कॅट उचलून उडत जायचे, जिंकत असलात की नाचायचे. प्रत्येक पत्त्यावर उजवं बटण दाबलं की त्याची गोष्ट कुणीतरी वाचून दाखवायचं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिला गेम नको असायचा, 'उडणारे बाळ' हवे असायचे. मी मुद्दाम पास-पास करत तिन्ही पट फिरवायचो.

गणिती_किडा

जेवण खारट, पण ताटाभोवती रांगोळी सुरेख.

शिळोप्याचा_गडी

मग उतारी, तुमच्या सिद्धांताची परीक्षा 'फाउंड्री'वर होते ना? त्यात विक्री नाही, पाकिटं विकत नाहीत, पत्ते खेळून मिळतात. तिन्ही पट एकाच पडद्यावर, प्रत्येक पटावर फक्त पाच जागा. तुमची भावाची अडचण मुळातूनच काढली. तरी चालला नाही. आता बोला!

उतारी

बोलतो. आणि अर्धी हार मान्य करून बोलतो.

फाउंड्री चालला नाही असं म्हणता येत नाही, कारण तो चालवलाच नाही. बंद दाराआड बिटा होता, त्याला मोजकीच माणसं आली, आणि तेवढ्यावरून पुढे काम करणं परवडत नाही असं ठरलं. सोडला तेव्हा खेळाचा सांगाडा पुरा होता, कित्येक पत्त्यांना चित्रं नव्हती. मी वीसेक डाव खेळलो. सुटसुटीत आहे. आणि मला खेळताना सारखं वाटत होतं की कुठेतरी काहीतरी हरवलंय. पाच जागांमुळे गर्दी आटोक्यात आली, पण क्लासिकमध्ये एकेका पटावर आठ-नऊ गडी उभे करून शेवटच्या फेरीत सगळा डाव उलटवायचा जो माज होता, तो गेला. म्हणजे खोड आणि खेळ एकमेकांत इतके गुंतले होते की खोड उपटताना खेळही थोडा निघून आला.

तेव्हा राणीसाहेब, तुमचा बाण निम्मा आरोपी. मी फक्त एवढं म्हणतो की भाव नसता तर बाण पहिल्या महिन्यात दुरुस्त झाला असता, साठ हजार माणसं आत असताना. दुरुस्ती झाली तेव्हा पंगत उठून गेली होती.

इस्पिकची_राणी

निम्मा तर निम्मा. घेतला.

पन्हं_थंड

एक शंका. ज्यांनी पैसे भरले होते त्यांच्या पत्त्यांचं काय झालं?

उतारी

मार्च २०२१मध्ये क्लासिकचे सगळे पत्ते सगळ्यांना फुकट दिले. ज्यांनी विकत घेतले होते त्यांचे पत्ते 'कलेक्टर्स एडिशन' झाले आणि ते बाजारात विकता येतात. पाकिटांची विक्री बंद. माझा अ‍ॅक्स अजून आहे माझ्याकडे. विकणार नाही. विकून चहाचेही सुटायचे नाहीत.

नवशिकी

धाग्यामुळे उत्सुकता वाढली, म्हणून काल रात्री क्लासिक उतरवून घेतला. फुकटच आहे तर काय. इथे रात्री माणूस सापडेना, म्हणून संगणकाशीच खेळले. पहिले दोन डाव हरले, रंगांचा घोळ. तिसऱ्यात मात्र राणीताईंनी सांगितलेलं लक्षात ठेवलं, आणि आजीचं तंत्र वापरून पहिल्या पटावर लवकर पास म्हणायला लागले. काय सांगू, जमलं! मधला बुरूज पडला. तिसऱ्या पटावर समोरच्या बुरुजात ५ उरले. माझा तो दाढीवाला लाल माणूस समोर, पुढे मोकळी जागा. मी नवऱ्याला हाक मारली, अहो बघा, जिंकतेय.

तो बाण कोण फिरवतं हो?

इस्पिकची_राणी

ये, बस. पाणी देऊ का?

नवशिकी

पाणी नको. आज रात्री दहाला कोण आहे? संगणक नको, माणूस हवा. शिव्या ऐकायला कुणीतरी समोर पाहिजे.